काठीचं दुसरं टोक

थोरली

सासऱ्यांची सकाळ थोरलीपासून सुरू व्हायची. गच्चीच्या दाराशी काठी टेकवायची, चाचपत ढाबळीची कडी काढायची, वाकून आत शिरायचं आणि डावीकडच्या पहिल्या खणाचं दार उघडून हात पुढे करायचा. थोरली स्वतःहून पुढे यायची. मग अंगठा तिच्या चोचीवरून, चोचीवरच्या मऊ उंचवट्यावरून, डोळ्याच्या कडेनं मागे मानेपर्यंत जायचा. नंतर छातीचं हाड. नंतर पंख उलगडून एकेक पीस. "ठीक आहेस," असं तिला सांगायचं, दार लावायचं आणि पुढचा खण. थोरली, मुकी, वकील, भित्री, मास्तर, नवी. सहा खण, सहा पांढरी कबुतरं, आणि क्रम कधी बदलायचा नाही, कारण आंधळ्या माणसाच्या घरात कसलाच क्रम बदलायचा नसतो.

सूनबाई कपडे वाळत घालताना हे रोज बघायची. ती घरीच शिवणकाम करायची, नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. त्यामुळे घरात बोलायला सासरे आणि सासऱ्यांना बोलायला ती.

ते पाच वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या होत्या. जीव राहिला, डोळे गेले. तोंडावर वण इतके खोल की नवरा लहानपणी त्यातल्या एकात बोट रुतवून झोपायचा म्हणे. सासरे म्हणायचे, "एक बरं झालं, हे तोंड मला बघावं लागलं नाही. ते काम तुमच्यावर सोपवलं." उभा जन्म त्यांनी वेताच्या खुर्च्या विणल्या. वेतानं चिरून चिरून बोटांची टोकं कानशीसारखी खरखरीत झाली होती, आणि त्याच टोकांना जग कळायचं.

त्या दिवशी थोरलीला "ठीक आहेस" म्हणाले नाहीत. बराच वेळ अंगठा तिच्या चोचीच्या कोपऱ्यात फिरत राहिला.

"सूनबाई, इथे काहीतरी आहे. मोहरीएवढं. काल नव्हतं."

तिनं चिमटे दोरीवर तसेच सोडले, वाकून बघितलं. काही दिसलं नाही.

"नाहीये हो काही."

"आहे," ते म्हणाले. "तुला दिसेल उद्या-परवा."

दिसलं. मोहरीचा वाटाणा झाला, वाटाण्यावर तपकिरी खपली धरली, आणि सासरे रोज सकाळी ती किती वाढली ते अंगठ्यानं मोजत राहिले.

मुकी

मुकी कधी घुमायची नाही म्हणून मुकी. तिच्या पापणीवर दाणा उठला तेव्हा सूनबाईनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाई ढाबळीत शिरल्या, दोघींना उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "कबुतरांच्या देवी आहेत."

सासरे दाराशी उभे होते. "त्या गेल्या ना जगातून?"

"माणसांच्या गेल्या, काका. या त्यांच्या नात्यातल्या. उंटांच्या वेगळ्या, मेंढ्यांच्या वेगळ्या, गाईंच्या वेगळ्या. पक्ष्यांच्या तर जवळजवळ पक्ष्यागणिक वेगळ्या. मोठं खानदान आहे."

"मोठं खानदान म्हटलं की त्यात कोणीतरी असं निघणारच."

"या माणसाला होत नाहीत. काळजी नको."

"मला कसली काळजी? माझा कोटा केव्हाच संपला." मग आवाज जरा खाली आणून, "डोळ्यांवर येतात?"

"येतात कधीकधी. पापण्या सुजून मिटतात. खपल्या पडल्या की बहुतेकदा उघडतात."

"बहुतेकदा," सासरे म्हणाले.

औषध नव्हतं. घशात उतरल्या नाहीत तर पक्षी आपोआप सावरतो, उतरल्या तर गुदमरतो. पसरतात बहुधा डासांमुळे, तेव्हा जाळी लावा. खणांची दारं बंद ठेवा. जी धडधाकट आहेत त्यांना लस देऊ, ती मागवावी लागेल. "आणि पक्ष्यांचं करतं कोण? हात कोणाचा लागतो?"

"मीच करते. दाणे, पाणी, झाडलोट," सूनबाई म्हणाली.

"सगळं हीच करते हो," सासरे म्हणाले. "मी आपला वर येऊन जातो."

दोघंही खोटं बोलत नव्हती. सासऱ्यांचं रोजचं ते चाचपणं हात लावण्यात मोजायचं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आपण एखाद्याकडे नुसतं बघतो तेव्हा त्याला आपलं काही लागेल असं कुठं वाटतं?

वकील

सूनबाईनं मच्छरदाणीचं कापड आणलं, ढाबळीच्या चारी बाजूंनी शिवून ठोकून बसवलं. टाके इतके बारीक की डास काय, डासाचा विचारसुद्धा आत जाऊ नये. सासऱ्यांनी सगळी शिवण बोटांनी तपासली आणि पास केली.

मग वकिलाच्या चोचीवर दाणा उठला. दिवसभर घुमून समोरच्याला बोलू न देणारा वकील त्या आठवड्यात गप्प झाला.

भित्री

इथे निळ्या खडूचं सांगायला हवं.

सूनबाई कापडावर खुणा करायला निळा खडू वापरायची. गडद रंगाच्या कापडावर पांढरा, पांढऱ्यावर निळा. त्या सकाळी तिनं एका मोठ्या पांढऱ्या पडद्याची आखणी करून ठेवली होती आणि सासरे गच्चीवर जाता जाता नेहमीसारखे टेबलाशी थबकले. नवीन कापड आलं की ते बोटांत धरून बघायचेच.

"सुती नाही हे."

"मिश्र आहे."

"फसवलं तुला," असं म्हणून ते जिन्याकडे गेले.

थोड्या वेळानं ती धुण्याची बादली घेऊन वर आली तेव्हा ते खाली उतरत होते. ती ढाबळीत दाणे टाकायला शिरली आणि थबकली. थोरलीच्या पांढऱ्या तोंडावर निळा डाग होता. चोचीपाशी, डोळ्याच्या कडेला, मानेवर. नीट ओढलेला, जणू कोणी मापाची खूण केली होती. मुकीच्या तोंडावरही तोच, किंचित फिका. वकिलाच्या त्याहून फिका. भित्रीच्या डोळ्याखाली एक निळी रेघ. मास्तरच्या चोचीवर नुसती छटा. नवीवर तिनं उजेडात धरून शोधला तेव्हा कुठं एक ठिपका सापडला.

तिनं भित्रीला पुन्हा हातात घेतलं. निळ्या रेघेच्या टोकाशी, पापणीच्या कडेवर, मोहरीएवढं काहीतरी होतं.

थोरली, मुकी, वकील, भित्री. याच क्रमानं.

खणांची दारं बंद होती. जाळी धड होती. बंद दारांतून रोज एकच गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जात होती. खपलीवर अंगठा, मग शेजारच्याच्या डोळ्याच्या कडेला तोच अंगठा, कानशीसारखा, दिसणार नाही इतका बारीक ओरखडा काढत.

ती दाण्यांचं भांडं मांडीवर घेऊन ढाबळीतच बसून राहिली. मग प्रत्येकासाठी वेगळं ओलं फडकं घेऊन एकेकाचं तोंड पुसलं. निळं गेलं.

मास्तर

तिनं सांगितलं नाही. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि म्हणाली, गळती काढायला गिलावा केलाय, वाळेपर्यंत पाय ठेवायचा नाही.

सासरे सकाळी नेहमीच्या वेळी उठले, दाढी केली, जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. वरून मास्तरचं घुमणं ऐकू यायचं. मास्तर ठरावीक लयीत घुमायचा, पाढे म्हणवून घेतल्यासारखा.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन करून खडूचं सांगितलं. "डासही असतील, हातही असतील. पण हात थांबवा. काका रोज हाताळतात हे मला माहीतच नव्हतं."

"मलाही नव्हतं," सूनबाई म्हणाली, आणि रोज डोळ्यांनी बघत असूनही ते खरंच होतं.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिनं त्यालाही सांगितलं. मागे हॉर्न वाजत होते.

"तू सांग ना त्यांना," तो म्हणाला.

"बाप तुमचा आहे."

"म्हणून तर. माझं कधी ऐकलंय त्यांनी? तुझ्या भाजीत मीठ नसलं तरी गुपचूप जेवतात. माझ्या लग्नात मला म्हणाले होते, मुलगी आवाजावरून शहाणी वाटते, हिला तू कसा आवडलास?"

"मग?"

"मग काय, शहाणीनं सांगावं."

आधी तिनं दुसरा मार्ग काढला. सगळ्यात तलम कापडाचे हातमोजे शिवले, प्रत्येक पक्ष्यासाठी वेगळा जोड, धुऊन उकळता येतील असे. सासऱ्यांनी एक चढवला, टेबलाची कड चाचपली, तिच्या कात्रीवरून बोटं फिरवली आणि काढून ठेवला.

"हे घालून मला काय दिसणार?" ते म्हणाले. "आणि हे कशासाठी? गिलावा अजून वाळला नाही?"

नवी

नवीला अजून काही झालं नव्हतं. तिला काही होऊ नये म्हणून सूनबाईनं तोंड उघडलं.

मशीन बंद केलं, स्टूल त्यांच्यापाशी ओढलं आणि सगळं सांगितलं. पडदा, खडू, कोणाच्या तोंडावर किती निळं होतं ते. गिलावा केलाच नव्हता हेही.

सासरे दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून ऐकत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, "क्रमानं सांग."

"काय?"

"कुणाकुणाला मी दिलं ते."

"बाबा, असं नका म्हणू."

"सांग ग पोरी."

"मुकी. वकील. भित्री."

त्यांनी तळवे पालथे केले. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, येऊ दे, येऊ दे, म्हणत होतं. ते थांबेपर्यंत सासरे थांबले.

"मला आल्या तेव्हा," ते म्हणाले, "मागच्या खोलीत ठेवलं होतं. ताट दाराशी ठेवून निघून जायचे. खाजवू नये म्हणून माझे हात बांधले होते, नंतर सोडले. पण कोणी शिवायचं नाही. माझी थोरली बहीण होती, तिला लस टोचलेली होती, तरी घरच्यांना भरवसा नाही. मग ती बाहेर उंबऱ्याशी बसायची आणि दाराखालून एक काठी आत सारायची. एक टोक माझ्या हातात, एक तिच्या. मी ओढली की ती ओढायची. डोळे चिकटून बंद झाले होते. दिवस की रात्र काही कळायचं नाही. काठी ओढली गेली की कळायचं, आहे."

सूनबाईचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

"कुलूप काढ," ते म्हणाले. "मी हात नाही लावणार. पण कुलूप काढ. कोंडून ठेवलं की माणूस चिडतो."

पुन्हा नवी

डॉक्टरीणबाईंनी नियम घालून दिला. आधी धडधाकट, शेवटी आजारी. मध्ये दर वेळी साबणानं हात. म्हणजे ढाबळ आता उलटी वाचायची: नवीपासून थोरलीकडे.

हात सूनबाईचे. सासरे जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराबाहेर.

"कशी आहे नवी?"

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे काय? दुकानात आलीयेस का? छातीचं हाड कसं लागतंय?"

"लागतंय."

"टोचतंय की दबतंय?"

ती पुन्हा चाचपायची. "दबतंय."

"मग खाल्लंय तिनं. असं सांगायचं."

पहिले काही दिवस तिला काहीच धड सांगता आलं नाही. शिवणकाम करून करून तिच्या बोटांना कापडाचं सगळं कळत होतं. जिवंत अंगाचं काही कळत नव्हतं. सासरे वैतागायचे. "तुझ्या जागी खुर्ची असती तर एव्हाना शिकली असती," म्हणायचे. ती म्हणायची, "खुर्चीला स्वयंपाक नसतो करायचा." पण दुसऱ्या दिवशी दोघंही आपापल्या जागी.

पुन्हा मास्तर

लस आली. डॉक्टरीणबाईंनी नवी आणि मास्तरच्या मांडीवरची चार पिसं उपटली आणि त्या उघड्या भोकांत बारीक ब्रशनं लस चोळली. आठवड्यानं बघा म्हणाल्या. तिथं सूज आली, पिसांची मुळं फुगली, तर लस धरली. नाही आली तर पुन्हा द्यायची.

आठवड्यानं सूनबाईनं मास्तरची मांडी चाचपली आणि गोंधळली. पिसांत नीट दिसतही नव्हतं. हे सुजलंय की असंच असतं?

ती हात धुऊन बाहेर आली. "कळत नाहीये, बाबा."

सासरे उठले, जिना उतरले, तिच्या शिवणाच्या टेबलाशी गेले. टाचण्यांची उशी चाचपून दोन टाचण्या काढल्या, एक मोठ्या डोक्याची, एक साधी. कापडाचा तुकडा दुहेरी केला, त्याखाली दोन्ही डोकी सरकवली आणि तिचा हात धरून बोट त्यावर ठेवलं.

"असं लागलं, की असं?"

तिनं डोळे मिटले. ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आपोआप मिटले. साध्या टाचणीवरून बोट नेलं, मोठीवरून नेलं, परत नेलं.

"वर जाऊन येते."

ती वर गेली, मास्तरला काखेत धरून डोळे मिटून उभी राहिली. मग जिन्यातूनच म्हणाली, "मोठी. चारही ठिकाणी. नवीलाही तसंच."

"धरली," खालून सासरे म्हणाले. त्यांच्या बोटांत अजून ते कापड होतं.

पुन्हा भित्री, पुन्हा वकील

दोघं वाचली. भित्रीची खपली पडली त्या दिवशी ती पहिल्यासारखी घाबरली, खणाच्या कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसली. यात आनंद मानायचा असतो हे सूनबाईला नवीन होतं. वकिलानं घुमायला सुरुवात केली आणि थांबेना. सासरे पायरीवरून म्हणाले, "तुंबलं होतं त्याचं."

पुन्हा थोरली

खण आता रिकामा. देवी घशात उतरल्या. सकाळी सूनबाईला ती तळाशी कलंडलेली सापडली.

"बाबा, थोरली गेली."

"हलकी झाली होती का?"

"खूप."

त्यांनी मान हलवली. हातात द्यायला मागितली नाही. मग म्हणाले, "तू जरा धरून थांब तिला. लगेच ठेवू नकोस." ती धरून थांबली. ते पायरीवर आणि ती ढाबळीत, मध्ये जाळी. पुष्कळ वेळानं ते म्हणाले, "हं."

पुन्हा मुकी

मुकी राहिली होती. तिच्या एका डोळ्याची खपली पडली तेव्हा खाली डोळा पांढरा निघाला. दुसऱ्यावर अजून खपली होती, पण डॉक्टरीणबाईंनी पापणी किंचित उचलून बघितली आणि सोडून दिली.

"दोन्ही गेलेत, काका. दाणे सापडत नाहीत तिला, ताई भरवतात म्हणून टिकलीये. तुम्ही म्हणाल तर मी सुई देते. तिला त्रास होणार नाही."

सूनबाई सासऱ्यांकडे बघत राहिली. तिला वाटलं, ते रागावतील.

"तुमचं बरोबर असेल," ते शांतपणे म्हणाले. "पण थोडे दिवस द्या तिला. वाटी रोज एकाच जागी ठेवा. वाटी कुठंय ते कळायला वेळ लागतो."

डॉक्टरीणबाईंनी पिशवी बंद केली.

वाटी एकाच जागी राहिली. पहिल्यांदा मुकी तिच्यात पाय घालून उभी राहायची. मग चोच आपटायची, कधी काठावर, कधी बाहेर. एका सकाळी सूनबाई दाणे घेऊन गेली तर वाटीतले कालचे कमी झाले होते. तिनं ते बाहेर सांगितलं. सासऱ्यांनी काठी उचलली.

"आत येऊ का?"

"खपली आहे अजून. हात नाही लावायचा."

"नाही लावत."

ते वाकून आत आले. पलीकडच्या खणातून वकील काहीबाही बोलला, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. नेहमीसारखा उजवा हात खणाकडे उठला, आणि अर्ध्यावर थांबला. तो त्यांनी मागे घेतला, कमरेशी दाबून धरला. मग डाव्या हातातली काठी आडवी केली आणि तिचं टोक हळूच उघड्या दारातून आत सारलं.

काही झालं नाही. काठी तशीच. सूनबाईला वाटलं सांगावं, ती कोपऱ्यात आहे, जरा डावीकडे. पण सांगितलं नाही.

मुकीनं मान वाकडी केली. एक पाय पुढे टाकला, काठीवर आपटला, मागे घेतला. पुन्हा टाकला. बोटं काठीभोवती वळली. मग दुसरा पाय.

सासऱ्यांचं मनगट किंचित खाली गेलं आणि पुन्हा वर आलं, तेवढंच. वणांनी भरलेल्या त्या चेहऱ्यावर काय चाललंय ते सूनबाईला कधीच वाचता यायचं नाही, आजही आलं नाही.

"वजन बरं आहे," ते म्हणाले.

हात भरून आला तरी काठी खाली येईना. सूनबाईनं दाण्यांचा उपडा डबा सरकवून त्यांच्या कोपराखाली लावला. ते त्यावर टेकले. काठीच्या त्या टोकाला मुकी पंख सैल करून बसली होती, जणू ती तिची रोजची जागा होती.

बऱ्याच वेळानं मुकी उतरली. सासऱ्यांनी काठी बाहेर काढली आणि तिचं टोक अंगापासून लांब धरून सूनबाईसमोर केलं.

"धुऊन आण," ते म्हणाले. "उद्या लागेल."